उंबराचे फूल

आमच्या संस्थेचे एक जुने सभासद, ज्यांची बागाईत पंचक्रोशीत नावाजलेली आहे व ज्यांच्या शब्दास आम्ही वडीलकीचा मान देतो, ते गेल्या पौषात आमच्या मळ्यावर हुरड्यास आले होते. आगटीभोवती बसल्यावर बोलणे मुलांच्या शिक्षणावरून निघाले. त्यांची नात तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्गात आहे, आणि पुढेही त्याच विषयात शिकावे असा तिचा हट्ट आहे. खर्चाची अडचण नाही. अडचण निराळीच होती, व ती त्यांनी आपल्या रोखठोक भाषेत सांगितली. "अहो, पोरगी सुटीत घरी येते ती हातात ब्लेड आणि भिंग घेऊन. जास्वंदीचे फूल दिसले की उभे चिरते, केसर मोजते, वहीत लिहिते नि टाकून देते. तिची आजी त्याच फुलाला नुसता हात लावताना जपते. देवाने फूल पाहायला दिले की फाडायला? शास्त्र शिकून माणसाला कळते पुष्कळ, पण दिसायचे बंद होते, असे माझे मत झाले आहे."

हा आक्षेप आमच्या स्नेह्यांनीच प्रथम काढिला असे नाही. इंग्रज कवी कीट्स ह्याने १८२० साली छापलेल्या 'लॅमिया' ह्या काव्यात, इंद्रधनुष्याचे कारण सांगून तत्त्वज्ञांनी त्यातील नवल घालविले असे गाऱ्हाणे केले आहे. कवीविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस असे वाटते की, ते कारण मनात ठेवून तो एखाद्या श्रावणातल्या संध्याकाळी शेतात उभा राहिला नसावा. सूर्य पाठीशी असावा लागतो, आणि सूर्यकिरणांच्या दिशेशी सुमारे ४२ अंशांचा कोन करणारे जे थेंब, त्यांतूनच तांबडी कमान डोळ्यापर्यंत पोचते. म्हणून सूर्य फार वर असताना, अर्थात ऐन दुपारी, सपाट रानात धनुष्य दिसत नाही. ह्यातूनच पुढे असे निघते की, बांधाच्या दोन टोकांस उभे असलेले दोन भाऊ एकच धनुष्य पाहत नसतात. प्रत्येकाचे थेंब निराळे, म्हणून प्रत्येकाचे धनुष्य निराळे. वाटण्या झालेल्या भावांस देखील धनुष्याची वाटणी करण्याचा प्रसंग येत नाही! हे कळल्यावर नवल कमी झाले की वाढले, हे वाचकांनीच ठरवावे.

असे असूनही त्या रात्री आम्ही आमच्या स्नेह्यांस उत्तर दिले नाही. हुरडा गरम होता हे एक कारण. दुसरे कारण असे की, ह्याच बाबतीत आमच्या हातून पूर्वी एक चूक घडली होती, ती मनात सलत होती. तिच्याविषयी पुढे सांगू. तूर्त त्यांच्या आक्षेपाचा विचार आपण शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात करावा हे बरे, कारण आपणांस फुलांच्या प्रदर्शनास जावे लागत नाही.

पहाटेपासून आरंभ करू. मार्गशीर्ष-पौषात पाणी दिलेल्या गव्हात सूर्योदयी गेले असता प्रत्येक कोवळ्या पात्याच्या टोकावर एक टपोरा थेंब डोलत असतो. त्यास आपण दहिवर म्हणतो आणि धोतर भिजू नये म्हणून बांधावरून पुढे जातो. वस्तुतः तेथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पात्याच्या अंगभर जो बारीक रवाळ ओलावा पसरलेला असतो, तो हवेतील वाफेचे थंड पात्यावर पाणी होऊन झालेला; तेच खरे दहिवर. टोकावरचा टपोरा थेंब हवेतून आलेलाच नाही, तो जमिनीतून आला आहे. दिवसा पानांतून वाफ बाहेर जाते, रात्री ते काम जवळजवळ थांबते. परंतु मुळे मातीतील क्षार आत घेण्याचे सोडीत नाहीत, क्षारांमागे पाणी शिरते, दाब वाढतो, आणि पात्याच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून ते थेंबाच्या रूपाने बाहेर पडते. तो वाळला म्हणजे कधी कधी टोकावर पांढुरकी पुटी राहते, ती त्या क्षारांची. सारे गाव निजले असता मुळे जागी होती व त्यांच्याशी ओल होती, ह्याची ग्वाही तो थेंब देतो. जमिनीची ओल तुटत चालली की हे थेंब नाहीसे होतात. दहिवर मात्र पडतच राहते. हा भेद ज्यास कळला तो पाळीचे पाणी देण्यापूर्वी पात्याचे टोक पाहील, आणि टोक पाहता पाहता ते सुंदर आहे हेही त्याच्या ध्यानात येईल.

त्याच वेळी सूर्याकडे पाठ करून उभे राहावे व दहिवराने भिजलेल्या पिकावर पडलेली आपली लांब सावली पाहावी. सावलीच्या डोक्याभोवती एक शुभ्र प्रभावळ दिसेल. दहिवराचा प्रत्येक गोल थेंब भिंगासारखा किरण एकवटून पात्यावर टाकितो, आणि तेथून उजेड बहुतांशी आल्या वाटेनेच परत फिरतो; म्हणून सूर्य ज्याच्या अगदी पाठीशी आहे त्याच्याच डोळ्यास तो मिळतो. बरोबर कोणी असल्यास त्याच्या डोक्याभोवती आपणांस प्रभावळ दिसत नाही, आणि त्यास आपल्या डोक्याभोवती दिसत नाही. आम्ही चाळीस वर्षे त्या बांधावरून जात आहोत. कारण वाचनात येईपर्यंत ही प्रभावळ आम्ही एकदाही पाहिली नव्हती. डोळे तेच होते, गहूही तोच होता.

जमिनीखालीही असेच आहे. हरभरा फुलावर येण्याच्या सुमारास एक रोप उपटून न काढिता मातीसकट अलगद उचलावे व मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावी. मुळांच्या बाजूस लहान लहान गाठी लोंबत असतात. सूत्रकृमीच्या गाठी निराळ्या; त्या मुळालाच सूज आल्यासारख्या असतात व सहजी सुटत नाहीत, ह्या मात्र नखाने चटकन सुटतात. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी, कधी कधी रक्तासारखा तांबडा रंग दिसला म्हणजे ती कामावर आहे. पांढरी असल्यास अजून लागलेली नाही, हिरवट वा तपकिरी असल्यास तिचे काम आटोपले आहे. हवेत १०० भागांत ७८ भाग नत्रवायू आहे, पण तो पिकास जसाच्या तसा घेता येत नाही. युरियासाठी त्याच नत्राचा प्रथम अमोनिया करावा लागतो, आणि त्यास कारखान्यात सुमारे ४०० ते ५०० अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडदोनशे पट दाब लागतो. तेच काम गाठीतील जंतू रब्बीच्या थंड मातीत, दाबावाचून व धुरावाचून करितात. हेलरीगेल व विल्फार्थ ह्या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ ह्या काळात हे उघडकीस आणिले.

आम्हांस त्यातील रंगाची कथा अधिक आवडते. ह्या जंतूंस श्वासासाठी प्राणवायू हवा, परंतु नत्र बांधण्याचे त्यांचे जे अंतस्थ साधन आहे ते प्राणवायूने बिघडते. ही अडचण तो तांबडा पदार्थ सोडवितो. तो प्राणवायू धरून ठेवितो व मोजून मापून देतो. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो तांबडा पदार्थ आहे त्याच्याच तो नात्यातला होय, आणि हे नाते १९३९ साली कुबो ह्या जपानी शास्त्रज्ञाने ओळखिले. हरभऱ्याच्या मुळात आणि आपल्या नाडीत एकाच घराण्याचा रंग वाहतो, हे ज्यास कळले त्याने रोप फाडले खरे. पण त्यास काही दिसेनासे झाले असे कोणी म्हणेल काय?

काळ्या जमिनीविषयी येथे थोडेच सांगतो. वैशाखात तीस पोराचा पाय जाईल अशा भेगा पडतात, त्यांस आपण जमिनीचा दोष समजतो. हिची चिकणमाती पोथीच्या पानांसारख्या अतिसूक्ष्म थरांची आहे. पाऊस पडला की पानांच्या मध्ये पाणी शिरून ती फुगते, उन्हाने आकसते. भेगांत वरची माती पडते, फुगताना ती खालून पुन्हा दाबली जाते, आणि अशा रीतीने काळी शतकानुशतके स्वतःच स्वतःस खालीवर करीत राहते. ती ज्या काळ्या दगडापासून झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात ते त्याच्या एकामागून एक आलेल्या लोटांचे. आजही तो दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेला आहे.

ह्या लाव्हाच्या खालच्या थरात, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे तेथे, डायनोसॉर नावाच्या प्रचंड प्राण्यांचे शेण दगड होऊन राहिलेले सापडते. शेणाची योग्यता शेतकऱ्यास सांगावयास नको, पण ह्या शेणाची योग्यता काही औरच ठरली. गवताच्या पेशींत गारेचे सूक्ष्म कण साठतात (ज्वारीचे पाते हातास चरचरते ते पुष्कळ अंशी ह्यांमुळेच), व गवत कुजले तरी ते कण टिकतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी ह्यांनी पिसदुऱ्याच्या त्या दगडी शेणात असे कण ओळखिले, आणि २००५ साली ते प्रसिद्ध केले. तोपर्यंत, डायनोसॉर नष्ट झाल्यावर गवते आली असा समज होता. पुढे २०११ साली त्याच मंडळींनी दाखविले की, त्या गवतांत आपल्या भाताच्या कुळाचे आप्तही होते. म्हणजे विदर्भात लाव्हा येण्यापूर्वीच भाताचे कोणी पूर्वज डोलत होते आणि हत्तीहून कितीतरी मोठी जनावरे ते चरत होती. पिसदुऱ्याच्या शेतकऱ्यांनी ते धोंडे किती पिढ्या बांधावर टाकिले असतील कोण जाणे!

आता कोणी म्हणेल की हे सारे सूक्ष्म किंवा जुने झाले. जे डोळ्यांसमोर आहे त्यात शास्त्र काय भर घालणार? त्यासाठी सुगरणीचे उदाहरण घेऊ. विहिरीवर झुकलेल्या बाभळीस लोंबणारे तिचे खोपे पाहिले नाहीत असा शेतकरी नाही. खानदेशच्या शेतकरी कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांनी त्यावर रचिलेले गाणे घरोघर पाठ आहे. त्यात खोपा विणणारी ती आई आहे. सालिम अली ह्या थोर पक्षिशास्त्रज्ञांनी १९३० साली, नोकरी नसलेल्या काळात, अलिबागेजवळ किहीम येथे राहून हे खोपे दिवसचे दिवस पाहिले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. विणणारा नर आहे. पिवळी टोपी घातलेला तो नर भाताच्या वा गवताच्या पात्यास चोचीने खाच पाडून लांब पट्टी फाडितो, गाठ घालितो, विणतो, आणि खोपा शिरस्त्राणासारखा अर्धवट झाला की थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. एकेक मादी खोप्यात शिरून तो तपासते, एखादे जाणते माणूस बैल घेताना दात पाहते तसा. तिला पसंत पडला तरच नर पुढील काम करितो, खालची लांब नळी विणून देतो. न पडल्यास तो खोपा तसाच लोंबत राहतो. बाभळीवर जे अर्धे खोपे दिसतात, ज्यांस आपण वाऱ्याने मोडलेले समजतो, त्यांत पुष्कळ नापसंत झालेले असतात. एक मादी नांदू लागली की नर शेजारी दुसरा खोपा विणावयास घेतो व दुसरीस बोलावितो. अंडी उबविणे व पिलांचा सांभाळ बहुतेक मादीच करिते.

ह्यामुळे बहिणाबाईंचे गाणे खोटे ठरले असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पिलांसाठी झुरणारी ती आई तेथे आहेच. तिच्या शेजारी एक कसबी परंतु नापसंतीच्या धास्तीत असलेला कारागीर येऊन उभा राहिला, एवढेच. खोपे पुष्कळदा झाडाच्या पूर्वेच्या अंगास अधिक असतात, कारण आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. हे वाचकांनी आपापल्या बाभळीवर पडताळून पाहावे. आमच्या विहिरीवर यंदा नऊ खोपे होते, त्यांतील सात पूर्वेस.

आता उंबराकडे वळू, आणि आमची चूक कबूल करू. सहा वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या विहिरीच्या वरच्या बांधावर आजोबांच्या वेळचा एक उंबर होता. त्याची सावली दोन तासांवर पडे, हे त्यास तोडण्याचे एक निमित्त. दुसरे असे की, पिकलेला उंबर फोडिला की आत किडे वळवळतात. ही कीड वांग्या-डाळिंबांवर जाते असे कोणीसे आम्हांस सांगितले, आणि आम्ही ते न पडताळता खरे मानिले. आमच्या मातोश्रींनी विरोध केला. औदुंबर दत्ताचा, त्यास करवत लावू नये असे त्यांचे म्हणणे. आम्ही तेव्हा स्वतःस शास्त्रीय दृष्टीचे समजत होतो. सबब तो भाबडेपणा मानून हसलो, आणि झाड तोडिले. आज विचार करिता असे दिसते की, त्या दिवशी शास्त्र मातोश्रींच्याच बाजूस होते. आमच्याजवळ होती ती शास्त्राची एक ऐकीव चिंधी. आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपात काही तथ्य असेलच तर ते येथे आहे. अर्धवट कळलेले खरोखरच डोळे झाकते.

गेल्या चैत्रात आम्ही त्यांच्याकडे गेलो असता त्यांच्या नातीने ओढ्यापलीकडील जुन्या उंबराच्या फांदीवरून तीन उंबरे आणिली. एक अगदी कोवळे, एक मध्यम व एक पिकत आलेले. ओट्यावर बसून तिने पहिले उभे चिरिले व भिंग आजोबांच्या हाती दिले. उंबराचे फूल कोणास दिसत नाही, म्हणून दुर्मीळ वस्तूस आपण उंबराचे फूल म्हणतो. ते दिसत नाही कारण उंबर हे फळ म्हणून लागतच नाही. ती एक मिटलेली पिशवी असते, आणि शेकडो फुले तिच्या आतल्या अंगास दाटीने उगवलेली असतात. भिंगाखाली ती स्पष्ट दिसत होती. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, पण त्यांनी भिंग लवकर परत केले नाही.

पिशवीस वर एक खवल्यांनी झाकलेले तोंड असते. चिलटाएवढी एक मादी, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, वासाच्या मागावर येऊन त्या तोंडातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तुटतात; परत जावयाचे नाही हे त्याच क्षणी ठरते. आपल्या छातीवरील इवल्या खिशांतून तिने दुसऱ्या उंबराचे पराग आणिलेले असतात. ते ती फुलांस लाविते, काही फुलांत अंडी घालिते, आणि त्या अंधारातच मरते. ज्या फुलांत अंडी नाहीत त्यांत बी धरते. ज्यांत आहेत त्यांत तिची प्रजा वाढते. काही आठवड्यांनी प्रथम बिनपंखी नर बाहेर येतात. ते अजून फुलातच बंद असलेल्या माद्यांशी संग करितात, सालीतून बाहेर जाणारे भुयार कोरितात, आणि त्यांचे आयुष्य तेथेच संपते. ऐन त्याच वेळी पिशवीतील नरफुले पिकलेली असतात. माद्या पराग खिशांत भरून घेऊन त्या भुयाराने उजेडात येतात व उडून जातात. त्यांच्या हाती एखाद-दोन दिवसच असतात. त्या गेल्यावर उंबर लाल व मऊ होतो, गोड होतो, मग तांबट, हळद्या, हरियाल, धनेश व रात्री वटवाघळे येतात. पिकलेल्या उंबरात आपणांस जे किडे दिसतात ते ह्याच संसाराचे अवशेष.

ही माशी उंबराची असून दुसऱ्या कोणत्याही पिकास शिवत नाही. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी. वांगी-डाळिंबांशी तिचा काहीएक संबंध नाही. अंजीर ह्याच घराण्यातील. पण पुरंदराकडे आपण लावितो तो अंजीर माशीवाचून फळ धरणाऱ्या जातीचा आहे, म्हणून आपल्याकडील बागाईतदारांस तिची ओळख नाही. स्मर्ना जातीचा अंजीर मात्र तसा नाही. कॅलिफोर्नियात ती झाडे नेऊन लाविली, ती वाढली, आणि वर्षानुवर्षे त्यांची कोवळी फळे गळून पडत राहिली. १८९९ साली अंजिराची माशी तेथे नेऊन रुजविली तेव्हा कोठे ती पिकू लागली. ज्या कीटकाचे नाव ऐकून आम्ही करवत उचलिली, त्याच जातीच्या कीटकासाठी तिकडील शेतकऱ्यांनी अर्धी पृथ्वी धुंडाळिली!

आणखी एक गोष्ट त्या मुलीने सांगितली, ती आम्हांस अधिक लागली. एका झाडावरील उंबरे बहुधा एकाच वेळी वाढतात. म्हणून त्यातून निघालेल्या माशीस आपल्या झाडावर कोवळे उंबर सहसा मिळत नाही. तिला त्या एक-दोन दिवसांत वाऱ्यावर वाहत जाऊन, जेथे नेमकी त्याच दिवशी फुले तयार आहेत असे दुसरे झाड गाठावे लागते. पंचक्रोशीतले उंबर निरनिराळ्या महिन्यांत फळतात म्हणूनच माशीची साखळी टिकते, आणि इतर झाडांवर काही नसते तेव्हाही पाखरांस कोठे ना कोठे उंबर मिळतात. आमचे झाड त्या साखळीतील एक कडी होते. ते गेल्यावर आमच्या हरभऱ्यावर उतरणाऱ्या साळुंख्या पूर्वीसारख्या येईनाशा झाल्या व घाटेअळीवरील आमचा खर्च वाढला. हा निव्वळ झाड तोडल्याचा परिणाम असे आम्ही म्हणणार नाही, त्यास दुसरीही कारणे असतील. परंतु दर वर्षी औषधाचे बिल हाती आले की आम्हांस तो बांध आठवतो.

आमच्या स्नेह्यांनी त्या दिवशी तिन्ही उंबरे आळीपाळीने पाहिली. पिकत आलेल्या उंबरातून एक मादी बाहेर येऊन त्यांच्या अंगठ्यावर बसली, तेव्हा ते श्वास रोखून स्थिर राहिले, आणि ती उडाल्यावर नातीस म्हणाले, "कोणीकडे गेली ग?" तिने ओढ्याच्या खालच्या अंगास बोट दाखविले, वारा तिकडचा होता. पुढील शिक्षणाचा विषय त्या बैठकीत निघाला नाही, आणि आम्हीही काढिला नाही. मात्र निघताना त्यांनी आम्हांस विचारले की उंबर फांदीपासून लागतो काय.

लागतो. मृगाचा पाऊस झाल्यावर मनगटाएवढ्या जाडीची, हातभर लांबीची फांदी तिरकी छाटून दोन तृतीयांश जमिनीत पुरावी, वरच्या टोकास शेण-मातीचा लेप द्यावा, व जनावरांपासून राखावी. बिया टाकण्यापेक्षा हे सोपे जाते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांवरून जमिनीतील पाणी ओळखण्याचा जो अध्याय आहे त्यात उंबराचे नाव आहे. तेव्हा जागा विहिरीजवळची घेणे परंपरेसही धरून होईल. दोन तासांवर सावली पडेल हे खरे. यंदाच्या मृगात त्यांनी एक व आम्ही दोन फांद्या लाविल्या. आमची एक वाळली. दुसरीस, मातोश्रींनी रोज घागरभर पाणी घातल्यामुळे, श्रावणात चार पाने फुटली आहेत. उंबरे लागावयास कित्येक वर्षे जातील. ओढ्यापलीकडचे ते जुने झाड तोवर कोणी तोडू नये एवढ्यासाठी आम्ही त्याच्या मालकांस भेटून आलो आहोत, कारण आमच्या झाडास माशी तेथूनच यावयाची आहे.